उसन्या नावाची मुष्टी : ‘ताई ची’ या नोंदीच्या कामाची टिपणे

४ ऑगस्ट २०२५

आशियाई युद्धकलांच्या मराठी परिभाषा-संग्रहातील ‘ताई ची’ ही नोंद आजपासून लिहायला घेतली आहे. चिनी मुष्टिकलांच्या आधीच्या नोंदींमध्ये नावाचा उलगडा दोन ओळींत आटोपत असे, कारण ती नावे गाव, घराणे, प्राणी किंवा मठ यांवरून पडलेली असतात. शाओलिन हे मठाचे नाव आहे, होंग हे आडनाव आहे आणि तांगलांग म्हणजे प्रार्थनाकीटक. या नोंदीत तसे करता येणार नाही. पूर्ण नाव तीन अक्षरांचे आहे आणि त्यांपैकी पहिली दोन अक्षरे ही कला जन्माला येण्याच्या दीड हजार वर्षांहून अधिक काळ आधीपासून विश्वोत्पत्तीच्या चर्चेत रुळलेली होती; हाणामारीशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. तिसऱ्या अक्षराचा अर्थ मूठ किंवा मुष्टियुद्ध असा आहे, म्हणजे या कलेचे खरे वर्णन करणारे अक्षर तेच. आणि जगभरच्या बोलण्यातून नेमके तेच गळून पडले आहे. उसने घेतलेले तेवढे उरले आहे.

म्हणून नोंदीचा रोख ‘ताई ची म्हणजे काय’ या प्रश्नावर ठेवायचा नाही, असे ठरवले आहे. हे नाव या मुष्टीला कोणत्या लोकांनी, कोणत्या काळात आणि कशासाठी दिले, आणि नाव मिळाल्यावर कलेचे काय झाले, हे सांगायचे आहे. वर्तनीचा निर्णय होईपर्यंत टिपणांत ‘ताई ची’ हे रूढ रूपच वापरतो.

७ ऑगस्ट

आज केवळ पहिली दोन अक्षरे घेतली. ‘ताई’ म्हणजे अतिशय थोर, सर्वांत मोठे. ‘ची’ अधिक रोचक आहे. इसवी सन १०० च्या सुमाराचा शुओवेन हा चिनी अक्षरकोश या अक्षराचा अर्थ एका शब्दात देतो आणि तो शब्द आहे घराचे आढे. छपराच्या अगदी वर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी, जिच्यावर दोन्ही बाजूंचे वासे टेकतात ती आडवी तुळई. त्यावरून पुढे टोक, परिसीमा, ध्रुव असे अर्थ आले. इंग्रजीतून मराठीत आलेल्या लेखनात याचे ‘परमतत्त्व’, ‘अंतिम सत्य’ असे भाषांतर केलेले असते. त्यात आढ्याचा मागमूस राहत नाही. मराठी वाचकाला खरे तर हा अर्थ समजावून सांगावा लागू नये. दुपाखी घराचे आढे डोळ्यांसमोर आणले की एकाच रेषेतून दोन उतार निघतात आणि दोन्ही उतार त्याच एका रेषेवर तोललेले असतात, हे लगेच दिसते.

ही प्रतिमा मुळातल्या वाक्याला चांगलीच जुळते. ‘यी जिंग’ या परिवर्तनांच्या ग्रंथाला जोडलेल्या ‘शीत्सी’ या भाष्यात म्हटले आहे की परिवर्तनात ताई ची आहे, ती दोन रूपांना जन्म देते, दोन रूपे चार प्रतिमांना आणि चार प्रतिमा आठ त्रिरेषाकृतींना जन्म देतात. दोन रूपे म्हणजे पुढे यिन आणि यांग या नावांनी ओळखली गेलेली जोडी. चिनी तत्त्वचर्चेत या शब्दाचा उगम दाखवायचा असेल तर सर्वजण याच वाक्याकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. मात्र च्वांगझी या ग्रंथाच्या सहाव्या प्रकरणात हा शब्द वेगळ्या दर्जाने येतो. तेथे ‘ताओ’बद्दल, म्हणजे विश्वाच्या मूळ मार्गाबद्दल, बोलताना म्हटले आहे की ते ताई चीच्याही पलीकडे आहे आणि तरी उंच नाही. म्हणजे तेथे ताई ची हे सर्वांच्या मुळाशी असलेले तत्त्व नसून उंचीचे एक माप आहे, आणि त्याहून वरचे काहीतरी मानलेले आहे.

यात आणखी एक गुंता आहे. १९७३ साली हुनान प्रांतातील चांगशा शहराजवळ मावांगदुई येथे, इसवी सनपूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या थडग्यात, रेशमावर लिहिलेल्या ग्रंथांचा साठा सापडला. त्यातील शीत्सीच्या प्रतीत या प्रसिद्ध वाक्यात ‘ताई ची’ हे शब्दच नाहीत. त्या जागी ‘थोर शाश्वत’ अशा अर्थाची दोन अक्षरे आहेत. काही अभ्यासक तो लेखनिकाचा दोष मानतात, काहींना तेच मूळ रूप वाटते. नोंदीत या वादाला एक वाक्य पुरेल. मात्र ते एक वाक्य गाळायचे नाही, कारण ‘प्राचीन ऋषींनी हे नाव दिले’ अशा थाटाच्या लेखनाला तेवढ्याने पुरेसा आळा बसतो.

मा रोंग या दुसऱ्या शतकातील भाष्यकाराने ताई चीचा अर्थ ध्रुवतारा असा केला होता. सगळे आकाश ज्याभोवती फिरते आणि जो स्वतः हलत नाही तो तारा. आढे आणि ध्रुव हे दोन्ही अर्थ नोंदीत ठेवतो, परमतत्त्व वगळतो.

११ ऑगस्ट

मुष्टियुद्धाच्या आधीही हे नाव अनेकांनी उसने घेतलेले आहे. तांग राजवटीच्या चांगआन राजधानीतील मुख्य राजवाड्याचे नाव ताई ची राजवाडा असेच होते, आणि त्याहीपूर्वी, तिसऱ्या शतकात, वेई राजवटीने लोयांगमधील सिंहासनाच्या दालनाला हे नाव दिले होते. जपानमध्ये नारा येथील राजवाड्याचे दाईगोकुदेन हे दालन याच कल्पनेचे नाव मिरवते. सम्राट ज्या दालनात बसतो ते जगाचे आढे, असा त्यामागचा दावा आहे.

मिंग राजवटीला आव्हान देणाऱ्या मांचू सम्राटाच्या, होंग ताईजीच्या (१५९२–१६४३), नावातील ‘ताईजी’ हा भागही चिनी लिपीत याच दोन अक्षरांनी लिहितात. तेथे मात्र अर्थाचा संबंध नाही. ते मूळ मंगोल पदवीचे रूप आहे आणि ती पदवीही ‘युवराज’ या अर्थाच्या चिनी शब्दावरून मंगोल भाषेत गेली होती. उच्चार जुळवायला भारदस्त अक्षरे घेतली, इतकेच. नोंदीत हे घालणार नाही. माझ्या वहीत असू दे.

१६ ऑगस्ट

मुष्टियुद्धाला हे नाव कोणत्या ग्रंथातून मिळाले, याचे उत्तर थेट ‘यी जिंग’ असे देण्याची सवय आहे. माझ्या मते ते अर्धेच उत्तर आहे. एकोणिसाव्या शतकातील शिकलेल्या चिनी माणसाला ताई ची हा शब्द प्रथम भेटत असे तो झोउ दुनयी (१०१७–१०७३) याच्या ‘ताई ची आकृतीचे स्पष्टीकरण’ या अगदी लहान लेखात, आणि तोही झू शी (११३०–१२००) याच्या चष्म्यातून. झोउच्या लेखाचे पहिले वाक्य ‘वूजी आणि तरीही ताईजी’ असे आहे (ताईजी हे ताई चीचेच दुसरे लेखन). ज्याला टोक नाही ते, आणि तेच सर्वांत थोर टोक. पुढे ताई ची हलते आणि यांग उत्पन्न करते, हालचाल परिसीमेला पोचली की स्थिर होते, स्थिरतेतून यिन उत्पन्न होते, आणि स्थिरता परिसीमेला पोचली की पुन्हा हालचाल सुरू होते.

येथे मराठी लेखकाला ‘निर्गुण आणि सगुण’ असे लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. तो आवरायचा. निर्गुण-सगुण या जोडीत उपासना आणि उपास्य गृहीत आहे. झोउच्या लेखात उपासनेचा प्रश्न नाही, हालचाल आणि स्थिरता यांच्या आलटून पालटून येण्याचा प्रश्न आहे. मुष्टियोद्ध्यांना तो लेख का भावला असावा, याचे कारणही तेथेच आहे.

झू शीने हा लेख आपल्या विचारव्यवस्थेच्या पायाशी ठेवला आणि ताई ची म्हणजे ‘ली’, वस्तुमात्राच्या मुळाशी असलेले तत्त्व, असे ठरवले. लू जिउयुआन या समकालीन विद्वानाने ‘वूजी’ या शब्दाला हरकत घेतली आणि त्यावरून दोघांत प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला. तो वाद आपल्या कामाचा नाही. कामाचे हे की चौदाव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ साली परीक्षा बंद होईपर्यंत सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी झू शीची भाष्ये प्रमाण होती. ती पाठ केल्याशिवाय अधिकारी होता येत नसे. तेव्हा ताई ची हा गूढ, डोंगरातल्या ताओवादी साधूंपुरता शब्द नव्हता. ज्याने घरच्या पैशावर काही वर्षे परीक्षेची तयारी केली आहे अशा कोणालाही तो ओळखीचा होता.

२१ ऑगस्ट

आता नाव मिळण्यापूर्वीची मुष्टी. हेनान प्रांतातील वेन तालुक्यातले चेनजियागौ हे गाव या कलेचे सर्वांत जुने लेखी ठिकाण आहे. गावाची परंपरा चेन वांगतिंग या सतराव्या शतकातील लढवय्याला संस्थापक मानते. मिंग राजवट कोसळल्यावर तो गावी परतला. त्याच्या नावावरील एका कवितेत तो म्हणतो की कंटाळा आला की मुष्टीचे डाव रचतो, काम आले की शेत नांगरतो, आणि ‘ह्वांगतिंग’ हा ताओवादी ग्रंथ सोबत असतो. ज्या कवितेत ग्रंथाचे नाव आले आहे, शेती आली आहे आणि मुष्टीही आली आहे, तिच्यात ताई ची हा शब्द आलेला नाही. गावातील जुनी नावे साधी आहेत : पहिला संच, तोफ-मुष्टी, लांब मुष्टी. पुढे चेनजियागौत शिकलेल्या यांग लुचानच्या घराण्याभोवती ‘कापूस-मुष्टी’ असेही नाव ऐकू येते, कारण पाहणाऱ्याला ती मऊ वाटे.

डावांच्या नावांवरून ही कला कोणत्या मातीतली आहे ते अधिक स्पष्ट कळते. मिंग सेनापती छी जिग्वांग (१५२८–१५८८) याने किनाऱ्यावरील चाच्यांशी लढणाऱ्या सैन्यासाठी लिहिलेल्या पुस्तकात बत्तीस मुष्टिडावांचे एक प्रकरण आहे. तांग हाओ या इतिहासकाराने १९३० च्या दशकात चेन गावचे डाव त्याच्याशी ताडून पाहिले आणि त्यांपैकी एकोणतीस तेथे सापडतात असे दाखवले. ‘आळसाने अंगरखा खोचणे’ हा छीचा पहिला पवित्रा आजही चेन संचात आहे. लढण्यापूर्वी लांब अंगरख्याचे टोक कमरेला खोचण्याची ती कृती आहे आणि ‘आळसाने’ या शब्दात प्रतिस्पर्ध्याची फिकीर नसल्याची ऐट आहे. यांग परंपरेत उच्चाराच्या जवळिकीने याच जागी ‘चिमणीची शेपटी धरणे’ असे नाव आले. एका पायावर उभा सोनेरी कोंबडा, एकेरी चाबूक, घोडा चाचपणे ही नावेही छीच्या यादीतून ओळखू येतात. सगळी नावे शिपायांची, गाडीवानांची, कोंबड्या पाळणाऱ्यांची आहेत; त्यांत तत्त्वज्ञान औषधालाही नाही.

याच संचात ‘जिनगांग उखळ कांडतो’ असा डाव आहे. पाय आपटत मूठ तळहातावर आणायची असते. जिनगांग हा वज्राचा चिनी अनुवाद आहे आणि येथे अभिप्रेत आहे तो बौद्ध मंदिराच्या दारावर उभा राहणारा वज्रधारी रक्षक. आपल्याकडच्या लेण्यांतून ओळखीचा असलेला वज्रपाणी चीनमध्ये जाऊन असा मुसळ हाती घेतलेला रक्षक झाला. या नोंदीतला भारताशी असलेला खरा दुवा हा एवढाच आहे. बोधिधर्माने ताई ची चीनला नेली, असे काही ठिकाणी छापलेले आढळते. त्याला आधार नाही आणि ते नोंदीत येणार नाही.

२८ ऑगस्ट

आजचा भाग नोंदीचा गाभा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हेबेई प्रांतातील योंगन्यान येथील यांग लुचान (१७९९–१८७२) चेनजियागौला जाऊन चेन चांगशिंगकडे मुष्टी शिकला आणि परत गावी आला. तो गरीब घरचा होता आणि त्याच्याकडे शिकायला आलेल्यांपैकी वू युश्यांग (१८१२–१८८०) हा मात्र गावातील प्रतिष्ठित, परीक्षांची परंपरा असलेल्या घरातला होता. वूचा थोरला भाऊ वू चेंगछिंग १८५२ साली सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला आणि हेनानमधील वूयांग तालुक्याचा दंडाधिकारी झाला. परंपरा सांगते की तेथील मिठाच्या दुकानात त्याला वांग झोंगयुए नावाच्या माणसाने लिहिलेले मुष्टीवरील हस्तलिखित मिळाले. वू युश्यांगचा भाचा ली यियु (१८३२–१८९२) याने १८८१ च्या सुमारास हे लेख नकलून काढले आणि त्यांच्या शेवटी लिहिले की ही पोथी वूयांगच्या मिठाच्या दुकानातून मिळाली, तिच्यात इतरांची विवेचने जमवली आहेत आणि माझी अल्प मतेही मिसळली आहेत. इतका प्रामाणिक शेरा कोणत्याही ‘प्राचीन’ ग्रंथाच्या प्रतीवर क्वचितच सापडेल. याच लीने दुसऱ्या ठिकाणी स्पष्ट लिहिले आहे की ताई ची मुष्टी कोणापासून सुरू झाली हे ठाऊक नाही.

वांग झोंगयुएच्या नावावरील प्रबंधाचे पहिले वाक्य झोउ दुनयीच्या पहिल्या वाक्याची सावली आहे : ताई ची वूजीतून जन्मते आणि ती यिन-यांगची जननी आहे, हलली की दुभंगते, स्थिरावली की एक होते. त्यानंतर लेख एकदम जमिनीवर येतो. समोरचा ताठ असेल तर आपण मऊ व्हावे, तो वेगाने आला तर वेगाने आणि सावकाश आला तर सावकाश उत्तर द्यावे, चार औंसांनी हजार पौंड बाजूला सारावेत, अशी ती शिकवण आहे. मोजमापे मुळात चिनी लियांग आणि जिन ही आहेत. नोंदीत ‘चार तोळ्यांनी हजार शेर’ असे आपल्या जुन्या मापांत लिहिले तर वाचकाला प्रमाण लगेच जाणवेल, म्हणून तसेच करतो.

याच लेखातील एक वाक्यखंड मला निर्णायक वाटतो. दीर्घकाळ परिश्रम घेतल्याशिवाय ‘एकाएकी सर्व आरपार उमगणे’ शक्य नाही, असे लेखक म्हणतो. हे शब्द जसेच्या तसे झू शीने ‘महाविद्या’ या कन्फ्यूशियन ग्रंथाला जोडलेल्या पूरक परिच्छेदातील आहेत. तो परिच्छेद परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असे. नांगर धरणारा किंवा काफिल्यांचे रक्षण करणारा मुष्टियोद्धा सहज बोलताना हे शब्द वापरणार नाही. ज्याने लहानपणी गुरूपुढे डोलत डोलत ते म्हटले आहेत त्याच्या लेखणीत ते आपोआप उतरतात. हा लेख वांग नावाच्या आधीच्या माणसाचा असो, किंवा काही अभ्यासकांना संशय आहे त्याप्रमाणे वू घराण्याने स्वतः लिहून त्याच्या नावावर घातलेला असो, तो अभ्यासिकेत बसून लिहिलेला आहे, एवढे त्याच्या भाषेवरून ठरते.

म्हणून माझे मत असे बनले आहे : हे नाव म्हणजे कलेचे वर्णन नव्हते, ती तिच्या प्रतिष्ठेची मागणी होती. परंपरागत चिनी समाजात लेखणीचा मान तलवारीपेक्षा कितीतरी मोठा होता आणि वू घराण्यासारख्या कुटुंबातील माणसाने मुष्टियुद्धात आयुष्य घालवणे हे शोभणारे नव्हते. त्याच मुष्टीला झू शीच्या अभ्यासक्रमातील सर्वोच्च शब्द लाभला की ती अभ्यासाचा विषय होते, भाष्याला पात्र होते, पोथीत बसते. त्याच संग्रहातील नावाचा खुलासा करणारा उतारा हा बदल होत असतानाचाच आहे. ताई ची मुष्टी, जिला लांब मुष्टी असेही म्हणतात आणि तेरा पवित्रे असेही म्हणतात, असे तो सांगतो. लांब मुष्टी म्हणजे यांगत्से नदी आणि महासागराप्रमाणे अखंड वाहणारी, असे लगेच स्पष्ट करतो. जुनी दोन्ही नावे अजून पुसलेली नाहीत, पण नवे नाव पहिल्या जागी येऊन बसले आहे. तेरा पवित्र्यांचा हिशेबही तेथेच लावलेला आहे. हातांच्या आठ क्रिया आठ त्रिरेषाकृतींना आणि पुढे, मागे, डावे, उजवे, मध्य या पाच हालचाली पाच महातत्त्वांना जोडल्या आहेत. आठ आणि पाच मिळून तेरा होतात खरे. परंतु ढकलणे, दाबणे, कोपर मारणे, खांदा मारणे अशा क्रियांना त्रिरेषाकृतींची नावे का द्यावीत याचे कारण कलेत शोधून मिळत नाही.

१ सप्टेंबर

लोककथांसाठी वेगळी छोटी नोंद करून ठेवतो. वेंग तोंगह या राजगुरूने बीजिंगमध्ये यांग लुचानचे कौशल्य पाहून ताई चीचा उल्लेख असलेली दोन ओळींची स्तुती लिहून दिली आणि त्यावरून नाव पडले, अशी एक कथा फार सांगितली जाते. तिच्यासोबत समकालीन लेखी आधार कधी जोडलेला नसतो. कथा खरी असो वा नसो, तिच्यातही नाव विद्वानाकडूनच येते, योद्ध्याकडून येत नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरी कथा झांग सानफेंग या ताओवादी सिद्धाची आहे. १६६९ साली हुआंग झोंगशी या विद्वानाने वांग झेंगनान नावाच्या मुष्टियोद्ध्याच्या समाधिलेखात ‘अंतर्गत’ मुष्टीचा उगम झांग सानफेंगपर्यंत नेला आणि तिला शाओलिनच्या ‘बाह्य’ मुष्टीसमोर उभे केले. त्या लेखात ताई ची मुष्टीचा उल्लेखच नाही. पुढील काळात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि १९२८ साली नानजिंगमध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय युद्धकला संस्थेने तर आपले विभागच वूदांग (झांग सानफेंगशी जोडला जाणारा पर्वत) आणि शाओलिन अशा दोन ‘दारां’त वाटले. पहिल्यात ताई ची बसवली गेली. नोंदीत झांग सानफेंगचे नाव ‘परंपरा मानते’ या शब्दांसह एकदाच येईल.

५ सप्टेंबर

नावाने कलेवर उलट केलेला परिणाम सर्वांत ठळकपणे सुन लुतांग (१८६०–१९३३) याच्या लेखनात दिसतो. तो शिंगयी आणि बागुआ या दोन मुष्टी शिकून मगच ताई चीकडे वळला आणि १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ताई ची पुस्तकात त्याने संचाची सुरुवात ‘वूजी’ या स्थितीने केली आहे. विद्यार्थ्याने पाय जोडून, मनात काही हेतू न ठेवता उभे राहायचे. त्यानंतर ‘ताईजी’ची स्थिती येते, आणि मग हालचाल. झोउ दुनयीच्या लेखातील वाक्याचा क्रम येथे पायांनी पाळायचा आहे. चेन वांगतिंगच्या काळात लढाईपूर्वी अंगरखा खोचला जात असे. सुनच्या विद्यार्थ्याने विश्व उत्पन्न होण्यापूर्वीची अवस्था उभ्या उभ्या धारण करायची असते.

बागुआ म्हणजे आठ त्रिरेषाकृती, हे सांगायला हवेच. बीजिंगमध्ये दोंग हाईछुआनने प्रसिद्ध केलेल्या, वर्तुळात चालत खेळायच्या त्या मुष्टीचे नावही ‘यी जिंग’मधूनच आलेले आहे. तिन्ही मुष्टी शिकलेल्या सुनने तिघींना एका तत्त्वज्ञानाच्या छताखाली आणले, आणि हे शक्य झाले कारण दोघींची नावे आधीच एका ग्रंथातली होती.

चेन गावही या प्रवाहापासून दूर राहिले नाही. चेन शिन (१८४९–१९२९) याने १९१९ साली पूर्ण केलेल्या आणि १९३३ साली छापलेल्या मोठ्या सचित्र ग्रंथात आकृत्या, त्रिरेषा आणि पाच महातत्त्वांनी पाने भरली आहेत. ज्या गावात ‘तोफ-मुष्टी’ म्हटले जात होते, त्या गावचा लेखकही आता नव्या नावाच्या भाषेत बोलत होता. मूळ घराने आपलीच वस्तू परगावाहून नवे नाव घेऊन आलेली स्वीकारली, असे याचे वर्णन करता येईल.

१२ सप्टेंबर

आज वर्तनीचा प्रश्न मिटवला. ‘ताईची’ असे जोडून लिहिले की मराठी वाचकाला पुढे ओढणी, साडी किंवा मुलगी असे काहीतरी अपेक्षित वाटते; म्हणून बहुतेक जण ‘ताई ची’ असे तोडून लिहितात आणि मग थोरल्या बहिणीचा भास आणखीच वाढतो. विनोद बाजूला ठेवला तरी खरी अडचण दुसरी आहे. वेड आणि जाईल्स यांच्या जुन्या रोमन लेखनपद्धतीत महाप्राण दाखवायला अपॉस्ट्रॉफी वापरत. ती चिन्हे छपाईत गळाली, आणि आढे या अर्थाचा ‘ची’ आणि प्राणशक्ती या अर्थाचा ‘छी’ हे दोन वेगळे शब्द रोमन लिपीत एकसारखे दिसू लागले. परिणामी ‘ताई ची म्हणजे महान प्राणशक्ती’ हा अर्थ इंग्रजी पुस्तिकांतून आपल्याकडेही पसरला. योगवर्गांच्या पत्रकांत तो सर्रास सापडतो आणि त्याच्या शेजारी प्राणायामाची तुलना हटकून येते.

देवनागरीत ही चूक होण्याचे कारणच नाही, कारण अल्पप्राण आणि महाप्राण यांना आपल्याकडे स्वतंत्र अक्षरे आहेत. पहिल्या अक्षराचा व्यंजनध्वनी महाप्राण आहे, म्हणून थ, दुसऱ्याचा अल्पप्राण, म्हणून च, आणि तोही ‘चहा’तला, ‘चमचा’तला नव्हे, तिसऱ्याचा पुन्हा महाप्राण, म्हणून छ. नोंदीचे शीर्षक ‘थायची-छ्युएन’ असे राहील आणि ‘ताई ची’ या रूढ रूपाखाली ‘पाहा’ असा निर्देश असेल. व्यक्तिनामांना हा काटेकोरपणा लावणार नाही. तेथे वाचकाला नकाशात आणि इतर पुस्तकांत सापडतील अशी रूढ रूपेच ठेवतो.

१३ सप्टेंबर

चित्राबद्दल एक सूचना संपादकांना पाठवली. काळ्या-पांढऱ्या दोन माशांच्या वर्तुळाला झोउ दुनयीची आकृती म्हणू नये. झोउच्या आकृतीत वरून खाली पाच टप्पे आहेत आणि सर्वांत वर कोरे वर्तुळ आहे. माशांची आकृती मिंग काळातील ग्रंथांतून पुढे आली आणि तिचेही चिनी नाव ताई ची आकृतीच असल्यामुळे घोटाळा होतो. नोंदीसोबत दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी छापाव्यात.

१९ सप्टेंबर

विसाव्या शतकाचा उत्तरार्ध थोडक्यात. १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने यांग परंपरेवरून चोवीस डावांचा सोपा संच तयार केला आणि त्याला ‘सोपी ताई ची मुष्टी’ असे नाव दिले. आज जगभरच्या बागांत सकाळी दिसतो तो बहुतांशी हाच संच. व्यायाम आणि आरोग्य हा हेतू पुढे आल्यावर झू शीचे तत्त्व मागे पडले, तरी नाव तसेच राहिले. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत या कलेचा समावेश केला तोही तीन अक्षरांच्या पूर्ण नावानेच, मुष्टीसह. सामान्य बोलण्यात गळालेले अक्षर अधिकृत कागदावर टिकून आहे.

२४ सप्टेंबर

शेवटचा परिच्छेद शेजारच्या देशांविषयी आहे. कोरियन भाषेत ही दोन अक्षरे ‘तेगुक’ अशी वाचतात. १८८३ साली स्वीकारलेला आणि आज दक्षिण कोरियाचा असलेला ध्वज ‘तेगुकगी’ याच नावाने ओळखला जातो. त्याच्या मध्यभागी लाल-निळे वर्तुळ आणि चार कोपऱ्यांत चार त्रिरेषाकृती आहेत. जपानी वाचन ‘ताइक्योकु’ असे आहे आणि फुनाकोशी गिचिनच्या शोतोकान कराटेत नवशिक्यांना शिकवायच्या सर्वांत सोप्या कातांना, म्हणजे ठरावीक क्रमाच्या डावांच्या संचांना, ते नाव दिलेले आहे. चिनी मुष्टीशी त्या कातांचा तांत्रिक संबंध नाही. तेच उसने नाव दुसऱ्या घरी गेले आहे.

तेक्वान्दोमधील तेगुक ही आठ पूमसेंची (पूमसे म्हणजे कातासारखाच डावांचा संच) मालिका नोंदीत अधिक जागा घेईल, कारण तेथे नाव आणि वस्तू यांचा क्रम उलटा आहे. प्रत्येक पूमसे एकेका त्रिरेषाकृतीला दिलेला आहे आणि खेळाडूने जमिनीवर पावलांनी आखायच्या रेषाही त्या त्या आकृतीच्या तीन रेषांवरून ठरवलेल्या आहेत. नाव हाती घेऊन डाव रचले, म्हणून आठ आकृत्यांना आठ पूमसे बिनचूक बसतात. योंगन्यानमध्ये मात्र डाव पूर्वीचे होते आणि नाव मागाहून आले. तेथे आठ क्रियांना आठ आकृत्या जोडताना भाष्यकारांना अजून कसरत करावी लागते. ‘तेगुक’ ही स्वतंत्र नोंद ‘थायची-छ्युएन’ला जोडून द्यावी आणि हा फरक तिच्या पहिल्याच वाक्यात सांगावा, असे संपादकांना कळवले आहे. पुढचे काम बागुआच्या नोंदीचे.